विहीणबाईंचे मदतीचे पान

आरंभीच क्षमा मागते. लिहिणे हा माझा प्रांत नव्हे. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवण्यात माझे सारे आयुष्य गेले. दुसऱ्यांच्या निबंधांतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारताना स्वतः निबंध लिहिण्याची वेळ कधी आली नाही, आणि खरे सांगायचे तर धीरही झाला नाही. निवृत्तीनंतर लेखणी उचलणाऱ्या माणसाने निदान विषय तरी भारदस्त निवडावा, ही अपेक्षा वाजवीच आहे. माझ्याजवळ तसा विषय नाही. माझ्याजवळ माझ्या विहीणबाई आहेत. तरीही एक विधान धाडसाने करते आणि ते मागे घेणार नाही: संगणकाच्या पडद्यावर एका कोपऱ्यात ‘मदत’ असे जे लिहिलेले असते, ते खरोखर उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी व्यक्ती साऱ्या भूतलावर एकच आहे, आणि ती यवतमाळजवळ लोहाऱ्याला, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते.

विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेच्या आई. बोरी अरबच्या बाजारपेठेत, बियाण्यांच्या दुकानाला लागून, त्यांची टायपिंगची संस्था होती. दारव्हा तालुक्यातल्या निम्म्या कारकुनांच्या बोटांना वळण त्यांनी लावले आहे. बाजाराच्या दिवशी भाजीवाल्यांच्या आरोळ्यांवर मात करून त्यांच्या यंत्रांचा कडकडाट रस्त्यापर्यंत ऐकू येई, असे जुने लोक सांगतात. पुढे टंकयंत्रे गेली आणि संगणक आले. ते आणून देणारा इसम खोकी उतरवून, तारा जोडून, चहा पिऊन निघून गेला; शिकवायला कोणी उरले नाही. विहीणबाईंनी कळफलकावर एक परीक्षकी नजर फिरवली, सर्वांत वरच्या ओळीतली ‘एफ वन’ची कळ दाबली आणि समोर मदतीचे पान उघडले. “तवापासून मी कोणाले काही इचारलं नाई,” असे त्या अभिमानाने सांगतात. “लिहिणाऱ्यानं सगळं लिहून ठेवलं हाय. लोकायले तरास द्याचा कायले?”

अशा या वाचणाऱ्या बाईच्या डोळ्यांनी मागच्या वर्षी दगा द्यायला सुरुवात केली. नजरेचा मधला भाग पुसट होत जाईल आणि कडा तेवढ्या शाबूत राहतील, असे डॉक्टरांनी सांगितले. विहीणबाईंनी ते निदान फारच सोप्या भाषेत उतरवून घेतले: “समोरच्या माणसाचं नाक दिसत नाई, कान दिसते.” संस्था आवरून, दवाखाना जवळ पडावा म्हणून, त्या लोहाऱ्यात राहायला आल्या. माझा मुलगा आणि सून त्यांना पुण्याला बोलावून थकले. शेवटी मायलेकींचा करार झाला, की पुढच्या काही महिन्यांत स्वतःचे स्वतः वाचता येऊ लागले तर आई इथेच राहील, आणि नाही आले तर निमूटपणे पुण्याची गाडी धरील. विहीणबाईंना पुण्याचे वावडे नव्हते. पण कोणीतरी वाचून दाखवील तेव्हाच आपल्याला कळणार, हा विचार त्यांना सोसत नव्हता. संगणकच आपल्याला वाचून दाखवू शकतो, असे त्यांनी ऐकले होते, आणि ते कसे करायचे हे मदतीच्या पानांत कोठेतरी असणारच, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. फक्त ते पान शोधायला दुसरे डोळे हवे होते. ते माझे निघाले.

हे काम माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या शिस्तीची मला अगदीच कल्पना नव्हती असे नाही. मुलाच्या साखरपुड्यात पडद्यावर फोटो दाखवायचे ठरले होते आणि पडद्यावर निळ्या रंगाखेरीज काही उमटत नव्हते. दोन्ही घरचे तरुण त्या यंत्राभोवती गोळा झाले आणि जो तो दिसेल ती कळ दाबू लागला. तेवढ्यात नवरीची आई, भरजरी पातळ सावरीत, व्यासपीठावरून खाली उतरली. “हात काढा सगळ्याईनं!” असा हुकूम सुटला आणि आमच्याकडचे दोन निवृत्त मुख्याध्यापकही खिशातून हात काढून उभे राहिले. मग सभागृहात पाहुणे ताटकळत असताना, भटजी घड्याळ पाहत असताना, विहीणबाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि मदतीचे पान सावकाश वाचायला घेतले. फोटो दिसले. त्याआधी जेवणे उरकली, ही गोष्ट मात्र आमच्याकडचे लोक अजून काढतात.

त्यांच्या शोधण्याच्या शास्त्रातला पहिला नियम असा, की शोधायच्या चौकटीत आपले दुःख लिहायचे नाही, वस्तूचे नाव लिहायचे. मुकुटबनला त्यांच्या एका भाच्याचे झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचे दुकान आहे. त्याचा फोन आला की विहीणबाई फोन मोठ्या आवाजावर टाकतात, म्हणून तो संवाद मी अनेकदा ऐकला आहे.

“मावशी, कागद आडवा निघून राह्यला वो. सकायपासून गिऱ्हाइकं उभे हायेत.”

“तू काय लिहून शोधलं?”

“कागद आडवा काहून निघते, असं लिहिलं.”

“बह्याडा, आडवा तुले दिसते. ज्यानं थे यंत्र बनवलं त्याच्या घरी त्याले काय म्हणते?”

“मले काय मालूम?”

“मेनूत पाह्य ना. त्याईनं तिथं नाव लिहून ठेवलं हाय. पेजच्या खाली ओरिएंटेशन दिसते का? मंग तेवढंच लिही. काहून नको लिहू, गिऱ्हाइकं नको लिहू, सकाय नको लिहू.”

पलीकडून कळांचा आवाज, मग एक दीर्घ “हाव वो मावशी”, आणि फोन बंद. भाचा आभार मानीत नाही आणि विहीणबाईंना ते अपेक्षितही नसते. “यंत्राले नाती समजत नाई, नावं समजते,” एवढे बोलून त्या पुन्हा तुरीच्या शेंगा सोलायला बसतात.

दुसरा नियम माझ्या जिव्हारी लागलेला आहे. माझ्या संगणकावर एकदा काहीतरी सूचना झळकली आणि मी त्यांना फोन करून म्हणाले, “विहीणबाई, संगणक काहीसा नाराज दिसतो, आपल्याला हवे ते आत्ता शक्य नाही, अशा अर्थाचे काही म्हणतो आहे.” “इहीनबाई,” त्या म्हणाल्या, “त्यानं काय म्हटलं थे सांगा. तुमाले काय वाटलं थे नोका सांगू.” मग त्यांनी ती सूचना माझ्याकडून अक्षर न् अक्षर, आकड्यांसकट, पूर्णविरामासकट म्हणवून घेतली. त्यातले माझ्या फायलीचे नाव तेवढे वगळायला लावले, कारण माझ्या फायलीची ओळख जगात दुसऱ्या कोणाला असण्याचे कारण नव्हते, आणि उरलेले सगळे अवतरणचिन्हांत घालून शोधायला सांगितले. पहिलेच पान नेमके निघाले. वर्गात भावार्थ सांगण्यात ज्या बाईने हयात घालवली, तिने त्या दिवशी आयुष्यात प्रथमच मूळ पाठाचा आदर केला.

याखेरीज त्यांच्या बारीकसारीक सवयी पुष्कळ आहेत. कोणतेही पान उघडले की ते कोणत्या आवृत्तीसाठी लिहिले आहे हे आधी पाहायचे, ही त्यातली एक. ही सवय इतकी हाडीमाशी भिनली आहे, की मी आवळ्याच्या लोणच्याची कृती सांगू लागले तेव्हा त्यांनी “हे कोणत्या सालचं हाय?” असे विचारले, आणि माझ्या सासूबाईंच्या काळचे आहे हे कळताच “मंग तेल आता बदललं असन,” म्हणून कृती बाजूला ठेवली. पानाच्या तळाशी ‘हेही पाहा’ असे लिहून काही दुवे दिलेले असतात. ते न उघडता उठणे म्हणजे त्यांना पंगतीत ताकाआधी उठण्यासारखे वाटते. आणि ‘हे पान उपयोगी पडले का?’ असे जे शेवटी विचारलेले असते, त्याला उत्तर न देता त्या पान कधीच मिटत नाहीत. नुसते ‘होय’ त्यांना पुरत नाही. खालच्या चौकटीत त्या रीतसर लिहितात: ‘चांगलं लिहिलं आहे. तिसरी पायरी दुसरीच्या आधी पाहिजे.’ कोणाच्या घरी जेवल्यावर काही न बोलता चपला घालणे त्यांच्या संस्कारात बसत नाही, त्यातलाच हा प्रकार.

तर अशा परीक्षकासमोर मी रोज दुपारी, चहाच्या वेळेला, त्यांच्या घरी बसू लागले. खुर्चीत मी, शेजारी स्टुलावर त्या, मान किंचित वळवून, नजरेची कड पडद्यावर पडावी म्हणून. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, “आधी अक्षर मोठं कराचं शोधा.” मी संकोचाने, पण व्याकरणशुद्ध टंकन सुरू केले. बराच वेळ कळा वाजत राहिल्या तशा त्या अस्वस्थ झाल्या.

“काय लिहून राह्यल्या एवढं? वाचा पाहू.”

मी वाचले: “महोदय, पडद्यावरील अक्षरे लहान दिसत असून ती मोठी करण्याचा उपाय कृपया कळवावा, ही विनंती.”

“अवो इहीनबाई! तहसीलदाराले अर्ज करून राह्यल्या का तुमी? सही कराची राहिली तुमची!”

संगणकाने मात्र माझा मान ठेवला होता. त्याने विनंतिपत्रांचे सुबक नमुने शोधून समोर मांडले. विहीणबाई इतक्या हसल्या, की चहा बशीत सांडला. मग त्यांनी एकेक शब्द माझ्या हातून खोडवून घेतला: आधी ‘कृपया’, मग ‘विनंती’, मग ‘महोदय’. प्रत्येक शब्द खोडताना मला कोणाचा तरी अपमान करीत असल्यासारखे वाटत होते. शेवटी दोनच शब्द उरले आणि उत्तर आले. त्या दिवशी अक्षर मोठे झाले. पण विहीणबाईंच्या डोळ्यांना ते पुरेसे नव्हते, आणि पुढे पुढे मुळीच पुरणार नव्हते. हवे होते ते संगणकाकडून वाचून कसे घ्यायचे हे सांगणारे पान, आणि ते सापडत नव्हते.

पुढचे कितीतरी दिवस आम्ही शोधत राहिलो. त्या सांगत, मी लिहीत असे. ‘दिसत नाही’ असे लिहिले, तर पडद्याची तार नीट बसली आहे का ते तपासा, असे उत्तर आले. ‘वाचून दाखवा’ लिहिले, तर आलेली पत्रे वाचली अशी खूण कशी करायची, ते समजले. ‘अक्षर पुसट’ म्हटल्यावर छपाईयंत्रातली शाई बदलायचा सल्ला मिळाला. मराठी पाने संपली तेव्हा आम्ही इंग्रजीकडे वळलो, कारण विहीणबाईंच्या मते मराठीतले मदतीचे पान म्हणजे वरणावरचे नुसते पाणी असते, “दाय सगळी इंग्रजीत खाली बसली हाय.” पण इंग्रजीतही त्यांनी सांगितलेले शब्द तेच होते: दिसत नाही, पुसट, धूसर. तिथेही आम्हांला तारा आणि शाईच मिळाली. मधूनमधून पुण्याहून फोन येई. “झालं का आई?” असे सून विचारी आणि विहीणबाई “होऊन राह्यलं, होऊन राह्यलं,” असे म्हणून विषय नातवाच्या सर्दीकडे नेत. फोन ठेवल्यावर मात्र त्या बराच वेळ नुसत्या बोटांनी मांडीवर टंकन करीत बसत.

अशाच एका दुपारी माझ्या ध्यानात आले, की मुकुटबनच्या भाच्याला जी बाई उठल्यासुटल्या नाव विचारते, ती स्वतःच्या बाबतीत रोज दुःखच सांगते आहे. त्या दुःखाला यंत्र बनवणाऱ्यांच्या घरी एक नाव आहे, आणि ते त्यांना माझ्याआधी सुचले असणार. ते त्यांच्या तोंडून निघत नव्हते, एवढेच. माझा स्वभाव असा, की मी जन्मात कोणाचे वाक्य मध्येच तोडलेले नाही. पुढच्याला काय म्हणायचे आहे हे कळले तरी मी ते त्याच्याकडूनच येण्याची वाट पाहते. त्या दिवशी मात्र मी वाट पाहिली नाही. विहीणबाई ‘नजर कमजोर’ असे काहीतरी सांगत होत्या; मी ते लिहिले नाही. ‘अंध’ या अर्थाचा साधा, छोटा इंग्रजी शब्द मी एकेक कळ शोधून चौकटीत लिहिला आणि हात मांडीवर घेतले.

मी एक गोष्ट विसरले होते. ज्या बाईने आयुष्यभर पाठमोरे उभे राहून, केवळ कळांच्या आवाजावरून, कोणत्या पोराचे कोणते बोट चुकले हे सांगितले आहे, तिच्या शेजारी बसून काही लपवून लिहिता येत नाही.

“काय लिहिलं थे समजलं मले,” विहीणबाई म्हणाल्या.

मी घाबरून म्हणाले, “पुसून टाकते.”

“पुसता कायले?” त्यांनी पदर नीट केला, स्टूल थोडे पुढे ओढले. “नाव बराबर हाय. दाबा एंटर.”

पान उघडले. संगणकाकडून वाचून कसे घ्यायचे तेच त्यात होते, आणि आजवर पाहिलेल्या पानांत ते सर्वांत दाट पान होते. एका पानातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे, कळांच्या खुणा, आवाजाच्या खुणा, पहिल्यांदाच वापरणाऱ्यांसाठी वेगळे, सरावलेल्यांसाठी वेगळे. मी वाचत गेले आणि त्या मधूनच विचारीत राहिल्या, “आणखी हाय?” मी म्हणे, आहे. “आणखी?” आहे. शेवटी त्या हलकेच म्हणाल्या, “कोणीतरी बसून लिहिलं असन ना हे सगळं. म्हंजे आपल्यासारखे गंज लोक असन, लय असन.” आणि मग, नेहमीच्या आवाजात, “हेही पाहा सोडू नोका, सांगून ठेवते!”

पुढचे दिवस आनंदाचे होते. मी पायऱ्या मोठ्याने वाचायची आणि कळा त्यांनीच दाबायच्या, असा दंडक होता. माझे बोट चुकून कळफलकाकडे गेले तरी चापट बसे. बोलणारा मराठी आवाज वेगळा उतरवून घ्यावा लागतो, हे ‘हेही पाहा’मध्येच सापडले. तो आवाज एका बाईचा निघाला. ती अतिशय स्वच्छ, थंड, नाकासमोर चालणारे मराठी बोलत होती. विहीणबाईंनी तिचे पहिले वाक्य कान देऊन ऐकले.

“इहीनबाई, मी पुण्याले गेले नाई तं पुणंच घरी येऊन बसलं वो!”

मग त्यांनी तिला वळण लावायला घेतले. आवाजाची गती वाढवता येते असे मी वाचून दाखवताच त्यांच्यातली टायपिंगची बाई जागी झाली. आधी तीस शब्दांची परीक्षा, मग चाळीस शब्दांची, अशी विद्यार्थ्यांना चढवीत त्यांची हयात गेली होती; त्याच हिशेबाने त्या रोज थोडी थोडी गती चढवीत गेल्या. आठवडाभराने तो आवाज मराठी बोलतो आहे, एवढेच मला ओळखू येई. त्यानंतर तेही येईना. विहीणबाई मात्र त्या भर्रर्र आवाजाला मान डोलावीत, मध्येच “चुकलं पाहा हे, त्याईनं चौथी पायरी विसरली,” म्हणत, आणि चौकटीत आपला अभिप्राय स्वतः लिहीत. पुण्याला फोन त्यांनी माझ्यासमोरच केला. “येत नाई मी,” त्या म्हणाल्या. “तूच ये, दिवाळीले. येताना नातवाले आण, त्याले मदत वाचाले शिकवते.” पलीकडे सून हसत होती की रडत होती, ते मला नीट कळले नाही; बहुधा दोन्ही असावे.

मी अजूनही चहाच्या वेळेला जाते. दार उघडेच असते. “बसा, इहीनबाई, एवढं पान संपू द्या,” असे त्या न वळताच म्हणतात, कारण माझ्या चपलांचा आवाजही त्यांना पाठ झाला आहे. मी बसते. माझ्या आकलनापलीकडच्या वेगाने शब्द वाहत असतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर एखादे चांगले पुस्तक वाचणाऱ्याचे समाधान असते. परवा मी भीत भीत विचारले, “आज काही वाचून दाखवू का?” तर त्या मनापासून म्हणाल्या, “नाई वो, लय तरास दिला तुमाले. तुमी आता आराम करा.”

त्यांचे हे बोलणे प्रेमाचेच होते. पण घरी परतताना वाटले, की वर्गातला शेवटचा तास संपल्यापासून माझा आवाज कोणी इतक्या लक्षपूर्वक ऐकला नव्हता. ‘आता पुढील बटण दाबा’ हे वाक्यसुद्धा मी कसे विराम सांभाळून, आघात देऊन वाचत असे! त्यांना माझी गरज उरू नये म्हणूनच आम्ही दोघी झटलो, आणि ती उरली नाही. याचा मला खरोखरच आनंद आहे. तरी दुपार झाली की घसा उगीचच साफ केला जातो. म्हणून संकोच थोडा बाजूला ठेवून विचारते: आपल्या घरी कोणाला काही मोठ्याने वाचून हवे आहे का?